पकडले सर्वांत जास्त, नंबर तिसरा

मासे पकडण्याचा सामना संपल्यावर वजनाच्या तक्त्यात माझ्या नावापुढे जे आकडे पडले ते आधी देतो.

पहिलं जाळं ६१-४, हिशेबात धरलं ५०. दुसरं जाळं ५७-१०, धरलं ५०. तिसरं जाळं २४-२, पूर्ण धरलं. रुपेरी माशांचं वेगळं जाळं ६-१२, तेही पूर्ण. एकूण १३०-१४.

यातला आधीचा आकडा पौंडांचा, नंतरचा औंसांचा. सोळा औंसांचा एक पौंड, आणि पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या किंचित वर. पहिला आला त्याचे १४१-६, दुसऱ्याचे १३३-८. मी तिसरा. पण पाण्यातून मी प्रत्यक्ष काढलेलं वजन होतं १४९-१२, म्हणजे जवळजवळ अडुसष्ट किलो. बावीस जणांत तेवढं कुणीच काढलं नव्हतं. अठरा पौंड चौदा औंस मासे मी गळाला लावले, जाळ्यात ठेवले, काट्यावर चढवले, आणि ते हिशेबात आलेच नाहीत. कुणी फसवलं नाही. नियम सकाळी मोठ्याने वाचून दाखवला होता आणि मी तो चहाचा कप हातात धरून ऐकलाही होता.

तळं मध्य इंग्लंडातलं, कव्हेंट्रीपासून गाडीने अर्ध्या तासावर. दिवस जुलैतला रविवार. अशा तळ्यांना इथे ‘कमर्शियल’ म्हणतात. शेतकऱ्याने शेतात खोदलेलं तळं, मधे एखादं बेट, काठाने ठरावीक अंतरावर लाकडी फळ्यांच्या बैठका, आणि पाण्यात दाटीने सोडलेले कार्प. प्रत्येक बैठकीला नंबर असतो, तिला पेग म्हणतात. इंग्लंडात नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, बहुतेक तळ्यांवर मात्र ती १९९५ मध्ये उठली. त्यामुळे वर्षभर सामने भरवता येतात आणि मासे हमखास मिळतात. नदीवर वाढलेली जुनी मंडळी ‘हे काय मासे धरणं, बादलीत हात घालणं’ म्हणून नाकं मुरडतात. थोडं खरंही आहे ते. पण बादलीतसुद्धा बावीस जणांत पहिलं यायचं असेल तर वेगळीच डोकेफोड लागते, आणि मला तीच आवडते.

मासा आपल्या ओळखीचा आहे. माझं आजोळ भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावर. तिथे बाजारात सायप्रिनस म्हणून जो विकतात तोच हा कार्प. त्याच्या जोडीला इथे ‘एफ-वन’ नावाचा संकर असतो, कार्प आणि क्रूशियन कार्पचा. अंगाने लहान, गार पाण्यातही खाणारा आणि गळावरचा दाणा तोंडात घेऊन गुपचूप थुंकण्यात पटाईत.

नियम असा. प्रत्येकाला तळ्याच्या मालकाकडूनच जाळी मिळतात, बाहेरची चालत नाहीत, कारण ओल्या जाळ्यातून एका तळ्यातला रोग दुसऱ्यात जातो. किपनेट म्हणजे तीनेक मीटर लांबीची, कड्या कड्यांनी उघडी राहणारी जाळीदार पिशवी. तोंड काठावर, बाकी अंग पाण्यात. पकडलेला मासा सामना संपेपर्यंत त्यात जिवंत राहतो, मग वजन होऊन परत तळ्यात जातो. या तळ्यावर कार्प आणि एफ-वनसाठी तीन जाळी, रोच आणि स्किमरसारख्या रुपेरी माशांसाठी चौथं. एका जाळ्यात पन्नास पौंडांची मर्यादा. वरचं वजन धरत नाहीत.

ही मर्यादा उगाच नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या आसपास, तर पंचवीस अंशांना आठच्या जवळ. त्यात गर्दी झाली की मासे गुदमरतात. शिवाय भरलेलं जाळं उचलताना तळाशी असलेल्यांवर वरच्या सगळ्यांचा भार येतो. माशांच्या बाजूने पाहिलं तर माझी अठरा पौंडांची शिक्षा कमीच होती.

आता दिवस. नऊला मालकाने पिशवी पुढे केली. त्यात नंबर घातलेले लाकडी ठोकळे असतात. मला आला सतरा. मागे कुणीतरी शीळ घातली, म्हणजे नंबर चांगला. दोन दिवस नैर्ऋत्येचा उबदार वारा वाहत होता आणि सतरा नंबर त्या वाऱ्याच्या तोंडाशी. उन्हाळ्यात वारा ज्या काठावर आदळतो तिथे तरंगतं खाणं जमतं आणि मागोमाग मासाही. शेजारी अठराला एक निवृत्त ट्रकचालक. सत्तरी ओलांडलेले, बोलणं कमी, खुर्चीखाली सँडविचचा डबा. चिठ्ठीने एवढी चांगली जागा दिल्यावर हरायला दुसरं कारण सापडणं अवघड, हे तेव्हा सुचलं नाही.

साडेदहाला शिटी, साडेतीनला पुन्हा शिटी. मधले पाच तास.

पहिला अर्धा तास बेटाच्या कडेला फीडर, म्हणजे खाणं भरलेली छोटी पिंजरी लावलेला गळ, टाकला. दोन कार्प आले, मग शांतता. तेवढ्यात पायाशी छोट्या काडीवर मॅगटने, म्हणजे माशीच्या अळीने, थोडे स्किमर आणि रोच काढून ठेवले. अकराच्या सुमाराला पोल हातात घेतला. पोल म्हणजे कार्बनचा, एकात एक बसणाऱ्या तुकड्यांचा लांबलचक वासा. त्याला रीळ नसतं. टोकाच्या पोकळ तुकड्यातून रबरी इलॅस्टिक जातं, त्याला दोरा. मासा लागला की वासा मागच्या रोलरवरून सरकवत आणायचा, शेवटचे दोन-तीन तुकडे सुटे करायचे आणि इलॅस्टिकवर मासा दमवायचा. मी तेरा मीटरवर गळ सोडत होतो. शिशाच्या गोळीने खोली मापली तेव्हा तळ पाच फुटांवर लागला. गळ सोळा नंबरचा, बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटा दात नसलेला, कारण काट्याचे गळ इथे चालत नाहीत. गळाला बारीक रबरी कडी, त्या कडीत सहा मिलिमीटरचं कडक पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याची गोळी. पोलच्या टोकाला प्लास्टिकची इवली वाटी लावलेली. तिला ‘किंडर पॉट’ म्हणतात, कारण सुरुवातीला लोक किंडर चॉकलेटच्या अंड्यातली डबी कापून लावत. त्या वाटीत दहा-बारा बारीक पेलेट घ्यायचे, वासा बरोबर जागेवर नेऊन उपडे करायचे आणि त्यावरच गळ सोडायचा. जास्त टाकले तर मासे खाण्यातच गुंततात आणि गळाकडे बघत नाहीत, कमी टाकले तर थांबत नाहीत. त्या दिवशी दहा-बाराचा आकडा जमला. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचं लाल टोक एकदा थरथरायचं आणि मग सरळ खाली जायचं.

इथून मोजणी सुरू होते, आणि चूकही.

सामन्यात प्रत्येक मासा तोलायला वेळ नसतो. अंदाजाने वजन धरायचं आणि क्लिकर दाबायचा. क्लिकर म्हणजे आपल्याकडे काहीजण नामजप मोजायला वापरतात तसलं अंगठ्याने दाबायचं यंत्र. माझा हिशेब ठरलेला होता: कार्पला तीन पौंड, एफ-वनला दीड. हे आकडे हवेतून घेतले नव्हते. एप्रिलमध्ये याच तळ्यावर माझ्या जाळ्यांत मिळून बावीस कार्प होते आणि काट्यावर सहासष्ट पौंड भरले होते. वहीत तसं लिहिलेलं होतं. लेखी पुरावा असला की माणूस डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या जाळ्यात दहा कार्प आणि अकरा एफ-वन झाले. तीस अधिक साडेसोळा, साडेसेहेचाळीस. पन्नासला साडेतीन पौंड बाकी, म्हणजे एखादा कार्पही मावला असता, पण मी शहाणपणा करून थांबलो आणि दुसरं जाळं सुरू केलं. त्या शहाणपणाचं मला जेवताना कौतुकही वाटलं.

दुसऱ्या जाळ्यात दोन पंचवीसपर्यंत नऊ कार्प, बारा एफ-वन. माझ्या मते पंचेचाळीस पौंड.

मधे एकच्या सुमाराला अठरा नंबरच्या आजोबांनी विचारलं, पहिलं जाळं किती झालं? मी सांगितलं, साडेसेहेचाळीस. ते काही बोलले नाहीत. नुकताच लागलेला कार्प त्यांनी हातजाळीत घेतला, उचलून क्षणभर धरला, पाहिला आणि उजव्या बाजूच्या जाळ्यात सोडला. त्याआधीचा डाव्या बाजूच्या जाळ्यात गेला होता, त्याच्याही आधीचा मधल्या. मला वाटलं, वयामुळे गोंधळत असतील. हे लिहिताना लाज वाटते, पण प्रकरण पूर्ण मांडायचं तर हेही आलंच.

चुकीच्या मोजणीने आणखी एक नुकसान केलं, ते तक्त्यात दिसत नाही. अडीचच्या सुमाराला माझ्या हिशेबाने मी नव्वदीच्या थोडा वर होतो. समोरच्या काठावर मोठे मासे निघताना दिसत होते. तिकडे शंभर ओलांडले असतील असं धरून मी घाबरलो आणि तेरा मीटरवरची चालू जागा सोडून पायाशी, काठालगतच्या दोन फूट पाण्यात गेलो. दिवस उतरताना मोठे कार्प काठाशी येतात, हे खरं आहे. पण पहिली वीस मिनिटं तिथे काहीच आलं नाही आणि तेरा मीटरवर पेलेट टाकणं मी थांबवलं होतं. शेवटच्या अर्ध्या तासात चार मोठे कार्प आले, पाच ते सात पौंडांचे. ते तिसऱ्या जाळ्यात. त्यांचा माझा अंदाज बरोबर निघाला, कारण एवढा मोठा मासा दिसला की आपण नीट बघतो. गडबड तीन-चार पौंडांच्या माशातच होते.

खरं तर अडीचला माझ्या जाळ्यांत एकशे अठरा पौंड होते. हे मला माहीत असतं तर मी जागचा हललो नसतो.

वजनाला तिपाई येते, तिला काटा, काट्याला झोळी. दोघांनी मिळून जाळं ओढायचं आणि मासे झोळीत उतरवायचे. माझं पहिलं जाळं ओढायला वाकलो आणि कड्या काठावर घासत वर यायला लागल्या तेव्हाच दंडांना कळलं. सेहेचाळीस पौंडांचं जाळं असं येत नाही. माझ्यासोबत ओढणारा पोरगा हसत म्हणाला, यात दगड घातलेस का? झोळी टांगली. आतले मासे दोनदा उसळले, मग थांबले. काट्यावर ६१-४. लिहिणाऱ्याने एकसष्ट लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी ५० लिहून गोल केला. दुसऱ्या जाळ्याला तो माझ्याकडे न बघताच गोल करून मोकळा झाला.

आजोबांच्या जाळ्यांचे आकडे: ४४-६, ४३-०, ४१-१०, रुपेरी ४-८. एकूण १३३-८. एकही औंस वाया नाही. माझ्यापेक्षा सोळा पौंड मासे त्यांनी कमी काढले आणि दोन पौंड दहा औंसांनी मला मागे टाकलं.

त्या रात्री भिगवणला आप्पांना, म्हणजे मामांना, फोन केला. त्यांनी उमेदीची वर्षं मासळीच्या लिलावात घालवलीत. सगळं ऐकून म्हणाले, “पन्नासच्या वरचं मोजतच न्हाईत? आरं, मग आमचा आडत्या बरा की! त्यो किलोमागं थोडं मारायचा, ह्यांनी तर पाटीच उचलून न्हेली.” मग गंभीर होऊन विचारलं, “पर तू मासा हातात घेऊन वजन करीत न्हवतास व्हय?” मी म्हटलं, हातात घेत होतो, पण मन वहीतल्या आकड्यात होतं.

दोन आठवड्यांनी सामना नसलेल्या दिवशी मी तिकीट काढून त्याच तळ्यावर गेलो. सतरा नंबर रिकामा होता. तीच काडी, तेच पेलेट, तीच तेरा मीटरची जागा. या वेळी प्रत्येक मासा छोट्या काट्यावर तोलला. कार्पची सरासरी आली चार पौंड तीन औंस, एफ-वनची एक पौंड बारा औंस. हे आकडे पहिल्या जाळ्याला लावून बघितले. दहा कार्प, ४१-१४. अकरा एफ-वन, १९-४. बेरीज ६१-२. काटा म्हणाला होता ६१-४. दोन औंसांचा फरक. दुसऱ्या जाळ्याला लावले तर ५८-११ येतात, काट्यावर ५७-१० होते. म्हणजे मासे मोजताना मी चुकलो नव्हतो. बेचाळीस मासे बरोबर मोजले होते. चुकला तो गुणाकार.

कार्प थंड रक्ताचा. हिवाळ्यात तो जेमतेम खातो, वाढ होते ती गरम महिन्यांत, त्यात कमर्शियल तळ्यावर रोज किलोवारी पेलेट पडतात. एप्रिलचा मासा जुलैत तोच राहत नाही. पण तीन महिन्यांत तीनाचा सवाचार झाला, हे सगळं वाढीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. एप्रिलमध्ये मी दुसऱ्या काठावर होतो आणि वरच्या थरात, दोन फुटांवर मासे धरत होतो. तिथे लहान आणि चपळ मासे जास्त मिळतात. जुलैत तळाशी गळ सोडला, तेही वाऱ्याच्या तोंडाशी. त्या जागेने मोठे मासे निवडून दिले. पेग बदलला, खोली बदलली, ऋतू बदलला, तरी सरासरी तीच राहील असं मी धरून चाललो. वहीत ‘कार्प ३ पौंड’ एवढंच लिहिलेलं होतं. कुठला काठ, किती खोल, कुठला महिना, काही नाही.

आठवडाभर मी याच निष्कर्षावर होतो, की अंदाज सुधारायला हवा. मग एकदा कागदावर साधा भागाकार केला आणि गप्प बसलो. माझ्या तिन्ही जाळ्यांतले कार्प आणि एफ-वन मिळून बरोबर १४३ पौंड होते. भागिले तीन, सत्तेचाळीस पौंड अकरा औंस. म्हणजे तेच मासे, तेच चुकीचे अंदाज, क्लिकर घरी राहिला असता तरी चाललं असतं. सुरुवातीपासून एक मासा या जाळ्यात, पुढचा त्या जाळ्यात एवढंच केलं असतं, तर सगळी जाळी पन्नासच्या आत राहिली असती. १४९-१२ पूर्ण धरले गेले असते आणि पहिल्या क्रमांकाला मी आठ पौंड सहा औंसांनी हरवलं असतं.

अठरा नंबरचे आजोबा तेच करत होते. डावं, मधलं, उजवं. अंदाज चुकला तरी चूक तीन जाळ्यांत वाटली जाते. मी मात्र एक जाळं काठोकाठ भरायचं, मग दुसरं, असं करत सगळी चूक पहिल्या दोघांत कोंबली, आणि तिसऱ्यात जवळजवळ सव्वीस पौंडांची जागा मोकळी राहिली. बहुतेक लोक माझ्यासारखंच एक-एक जाळं भरतात, कारण हिशेब डोक्यात ठेवायला सोपा जातो. या पद्धतीलाही हद्द आहे. एकूण दीडशेच्या वर जायला लागलं तर तिन्ही जाळी एकदमच मर्यादेबाहेर जातात, आणि मग अंदाज अचूकच लागतो. पण आमच्या तळ्यावर दीडशे रोज निघत नाहीत.

आता माझ्या वहीत प्रत्येक तळ्याला एक पान आहे. महिना, पेग, खोली, पद्धत, आणि सामन्यानंतर काट्यावरून काढलेली सरासरी. पहिले चार-पाच मासे छोट्या काट्यावर तोलतो. मिनिटभर जातं, जाऊ दे. आणि तिन्ही जाळी शिटीआधीच पाण्यात सोडलेली असतात.

ऑगस्टच्या सामन्यात हे सगळं तयार ठेवून गेलो. पिशवीतून निघाला तीन नंबर, उत्तरेचा गार वारा पाठीशी. पाच तासांत तिन्ही जाळ्यांत आळीपाळीने, अगदी शिस्तीत मासे सोडले. वजन झालं अकरा, दहा आणि नऊ पौंड.